अपेंडिक्सचा कॅन्सर: ऑपरेशन झाल्यावर, बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये सापडणारा आजार

नोव्हेंबर २००७. अमेरिकेतल्या ईएसपीएन या क्रीडा वाहिनीचा लोकप्रिय निवेदक स्टुअर्ट स्कॉट फुटबॉलच्या सामन्यासाठी पिट्सबर्गला गेला होता. तिथे त्याच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी अपेंडिक्सचं निदान केलं आणि ऑपरेशन करून अपेंडिक्स काढून टाकलं. इथपर्यंतची गोष्ट तुमच्याआमच्या ओळखीतल्या कुणाचीही असू शकते. पण काढलेलं अपेंडिक्स तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलं आणि रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. स्कॉट तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर तो सात वर्षं या आजाराशी लढला. ४ जानेवारी २०१५ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी त्याचं निधन झालं.

त्याच्या पंधरा वर्षं आधीची दुसरी गोष्ट. 'रोमन हॉलिडे'ची नायिका ऑड्री हेपबर्न १९९२च्या सप्टेंबरमध्ये युनिसेफची सदिच्छा दूत म्हणून दुष्काळग्रस्त सोमालियात गेली होती. स्वित्झर्लंडला घरी परतल्यावर तिला पोटदुखीचा त्रास सुरू झाला. तिथल्या तपासण्यांमध्ये ठोस काही हाती लागलं नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये पोटात दुर्बीण घालून पाहिल्यावर खरं कारण कळलं. अपेंडिक्समध्ये सुरू झालेला एक दुर्मिळ कॅन्सर कित्येक वर्षांपासून पोटात हळूहळू पसरत होता. २० जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी तिचं निधन झालं.

एकाला अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे कॅन्सर कळला, दुसरीला तो पसरल्यानंतर कळला. 'अपेंडिक्सलाही कॅन्सर होतो का?' हा प्रश्न बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो असा रिपोर्ट हातात आल्यावरच. म्हणूनच हा आजार काय आहे, तो डॉक्टरांना कधी आणि कसा कळला, त्याची लक्षणं कोणती आणि आपल्या हातात नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

अपेंडिक्स म्हणजे नेमकं काय?

लहान आतडं जिथे संपतं आणि मोठं आतडं जिथे सुरू होतं, त्या जागी पोटाच्या उजव्या बाजूला, खाली एक पिशवीसारखा भाग असतो. या पिशवीला करंगळीसारखी एक बारीक नळी लटकलेली असते. तेच अपेंडिक्स. मराठीत त्याला आंत्रपुच्छ म्हणतात. लांबी साधारण ८ ते १० सेंटीमीटर. नळीचं एक टोक आतड्यात उघडतं, दुसरं बंद असतं.

ही नळी म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवयव, असं चार्ल्स डार्विनचं मत होतं. आज तसं मानत नाहीत. अपेंडिक्सच्या भिंतीत रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित पेशी मोठ्या प्रमाणात असतात. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी ही एक सुरक्षित जागा असावी, असाही एक विचार आहे. मात्र अपेंडिक्स काढून टाकल्यावर माणूस नेहमीसारखं आयुष्य जगू शकतो, हेही खरं.

कॅन्सरच्या दृष्टीने या नळीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तिच्या आतल्या अस्तरात चिकट श्लेष्मा, म्हणजे म्यूकस तयार करणाऱ्या पेशी असतात. दुसरी, तिचं तोंड अरुंद आणि भिंत पातळ असते. तोंड बंद झालं की आत तयार होणारा श्लेष्मा कुठे जाणार? नळी फुगत जाते आणि एक दिवस फुटते. पुढची सगळी गोष्ट या दोन मुद्द्यांभोवती फिरते.

डॉक्टरांना अपेंडिक्स सापडलं कसं?

प्राचीन काळातला प्रसिद्ध वैद्य गॅलन याच्या लिखाणाचा युरोपच्या वैद्यकावर शेकडो वर्षं प्रभाव होता. पण गॅलनने शरीररचनेचा अभ्यास केला तो मुख्यतः माकडांच्या शवविच्छेदनातून आणि त्या माकडांना अपेंडिक्स नसतं. त्यामुळे हा अवयव पुस्तकांत आलाच नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्डो दा विंचीने आपल्या चित्रांत तो रेखाटला. १५२१मध्ये इटलीतल्या बेरेंगारियो दा कार्पी याने त्याचं वर्णन केलं, तर १५४३मध्ये व्हेसालियसच्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचं चित्र आलं.

अपेंडिक्स काढण्याचं नोंद असलेलं पहिलं ऑपरेशन १७३५चं. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस एमियांड या शल्यचिकित्सकाने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया केली. हर्नियात आतड्याऐवजी अपेंडिक्स उतरलेलं होतं आणि त्याला एका टाचणीने भोक पडलं होतं. ती टाचणी मुलाने कधीतरी गिळली होती. भूल देण्याचं तंत्र यायला अजून शंभरहून जास्त वर्षं होती. तरीही मुलगा वाचला. हर्नियात अपेंडिक्स सापडलं तर त्याला आजही 'एमियांडचा हर्निया' म्हणतात.

पण पोटाच्या उजव्या बाजूच्या जीवघेण्या दुखण्याचं मूळ अपेंडिक्समध्ये असतं, हे मान्य व्हायला १८८६ साल उजाडलं. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्स फुटलेल्या २५७ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास मांडला, या आजाराला 'अपेंडिसायटिस' हे नाव दिलं आणि वेळेत ऑपरेशन करा, असं ठामपणे सांगितलं. त्यानंतर हे ऑपरेशन जगभर पोचलं. पुण्याच्या ससून रुग्णालयातली याची एक आठवण प्रसिद्ध आहे. जानेवारी १९२४मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना अपेंडिसायटिस झाला, तेव्हा कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर ससूनमध्येच शस्त्रक्रिया केली होती. ऑपरेशन सुरू असताना वीज गेली आणि ते कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावं लागलं.

ऑपरेशनं वाढली तशी काढलेली अपेंडिक्सं पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येऊ लागली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत फक्त सूज दिसेल अशी अपेक्षा होती. काहींमध्ये मात्र वेगळंच काही दिसलं.

कॅन्सर पहिल्यांदा कधी दिसला?

या आजाराचा धागा तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडला.

पहिला धागा व्हिएन्नातला. कार्ल फॉन रोकितान्स्की या पॅथॉलॉजिस्टने १८४२मध्ये श्लेष्माने फुगलेल्या अपेंडिक्सचं वर्णन केलं. अशा फुगलेल्या अपेंडिक्सला पुढे 'म्यूकोसील' म्हटलं गेलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये हा शब्द आजही वाचायला मिळतो.

दुसरा धागा जर्मनीतला. अपेंडिक्समध्ये सुरू झालेल्या कॅन्सरचं पहिलं वर्णन १८८२मध्ये बेगर या डॉक्टरने प्रसिद्ध केलं. पुढे १९०७मध्ये म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रिड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या एका वेगळ्या प्रकारच्या गाठींना 'कार्सिनॉइड' असं नाव दिलं. अर्थ असा की दिसतात कॅन्सरसारख्या, पण वागतात त्यापेक्षा बऱ्याच सौम्य. अपेंडिक्समध्येही अशाच गाठी सापडतात. या गाठी निरुपद्रवी असतात, असं ओबर्नडॉर्फर यांना आधी वाटत होतं. १९२९मध्ये त्यांनी स्वतःच आपलं मत बदललं आणि यातल्या काही गाठी पसरू शकतात, असं लिहिलं. 'कार्सिनॉइड' हा शब्द काही रिपोर्टमध्ये अजून दिसतो, पण आता अधिकृत नाव आहे 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर'.

तिसरा धागा सर्वांत गोंधळाचा. १८८४मध्ये जर्मनीच्या वेर्थ यांनी एका स्त्रीच्या पोटात भरलेल्या जेलीसारख्या पदार्थाचं वर्णन केलं आणि या अवस्थेला 'स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय' असं नाव दिलं. तिच्या अंडाशयात गाठ होती. १९०१मध्ये फ्रँकेल यांना अशीच जेली अपेंडिक्सच्या गाठीसोबत आढळली. तरीही बायकांमध्ये ही जेली अंडाशयातूनच येते, अशी समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकून राहिली. १९९०च्या दशकात पेशींच्या बारकाईने केलेल्या तपासण्यांतून चित्र स्पष्ट झालं. बहुतेक रुग्णांत सुरुवात अपेंडिक्समध्ये होते आणि अंडाशयातली गाठ तिथून पसरलेली असते.

हा इतिहास आजही उपयोगी पडतो, कारण जुनी गल्लत अजून होऊ शकते. अंडाशयाची गाठ म्हणून ऑपरेशनला घेतलेल्या स्त्रीच्या पोटात श्लेष्मा सापडला, तर अपेंडिक्सही तपासायला हवं, हा धडा डॉक्टर याच इतिहासातून शिकले.

अपेंडिक्सच्या कॅन्सरचे प्रकार कोणते?

'अपेंडिक्सचा कॅन्सर' हे एकच नाव असलं, तरी त्याखाली बरेच वेगवेगळे आजार येतात. त्यांचं वागणंही सारखं नसतं.

- न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: बहुतेकदा अपेंडिक्सच्या टोकाशी असलेली लहानशी गाठ. तरुणांमध्येही सापडते. एक सेंटीमीटरपेक्षा लहान असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर बहुतेक वेळा अपेंडिक्स काढणं हाच पुरेसा उपचार ठरतो.

- लो ग्रेड म्यूसिनस निओप्लाझम: रिपोर्टमध्ये याचं संक्षिप्त रूप 'लॅम्न' असं असतं. यातल्या पेशी फार आक्रमक नसतात, पण श्लेष्मा तयार करत राहतात. अपेंडिक्स अखंड असताना निघालं तर धोका खूप कमी. आधीच फुटलं असेल, तर श्लेष्मा आणि पेशी पोटात सांडतात आणि पुढे जेली साचण्याचा धोका राहतो.

- अ‍ॅडिनोकार्सिनोमा: हा खऱ्या अर्थाने पसरणारा कॅन्सर. याचा एक प्रकार श्लेष्मा बनवणारा असतो, दुसरा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखा वागतो. 'सिग्नेट रिंग' पेशी असलेला प्रकार जास्त आक्रमक मानला जातो.

- गॉब्लेट सेल अ‍ॅडिनोकार्सिनोमा: याला पूर्वी 'गॉब्लेट सेल कार्सिनॉइड' म्हणत. नावातल्या 'कार्सिनॉइड'मुळे तो सौम्य वाटायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या वर्गीकरणात त्याचं नाव बदललं, कारण त्याचे उपचार अ‍ॅडिनोकार्सिनोमाप्रमाणे करावे लागतात.

म्हणूनच रिपोर्टमध्ये 'ट्यूमर' हा शब्द दिसला की लगेच हातपाय गाळू नयेत आणि 'लो ग्रेड' वाचून निश्चिंतही होऊ नये. प्रकार, आकार, गाठ कुठपर्यंत गेली आहे आणि अपेंडिक्स फुटलं होतं का, या चार गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

पोटात जेली साचते म्हणजे काय होतं?

आपल्या पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. श्लेष्माने फुगलेलं अपेंडिक्स फुटलं की श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी या पोकळीत सांडतात. पोटातल्या द्रवाच्या नैसर्गिक प्रवाहाबरोबर त्या वाहत जातात आणि ठरावीक जागी साठतात. ओटीपोटाच्या तळाशी, यकृताच्या वर, आतड्यांसमोर लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर. तिथे बसून त्या जेली तयार करत राहतात.

हा कॅन्सर बराच काळ रक्तावाटे दूर जात नाही. फुप्फुस, मेंदू, हाडं यांना सहसा धक्का लागत नाही. तो पोटातच राहतो, पण जागा व्यापत जातो. हळूहळू आतड्यांवर दाब येतो, जेवण जात नाही आणि शेवटी आतड्यांचं काम थांबण्याची वेळ येते. ही प्रक्रिया कित्येक वर्षं चालू शकते. ऑड्री हेपबर्नच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं.

लक्षणं कोणती?

सुरुवातीला बहुतेकांना काहीच लक्षण नसतं. गाठ लहान असते, दुखत नाही, रक्तस्राव होत नाही. जी लक्षणं दिसतात, ती अशी:

- अपेंडिसायटिससारखी पोटदुखी. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, ताप, मळमळ. गाठीमुळे नळीचं तोंड बंद होतं आणि खराखुरा अपेंडिसायटिस होतो. बऱ्याच रुग्णांना गाठ कळते ती यामुळेच.

- पोटाचा घेर वाढणं. वजन फारसं वाढलेलं नसताना पॅन्ट किंवा परकर कमरेला घट्ट होऊ लागणं. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे. अनेक जण याला वय, गॅस किंवा सुटलेलं पोट समजतात.

- थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटणं, सतत पोट फुगलेलं राहणं, भूक कमी होणं.

- नव्याने झालेला हर्निया. पोटातला दाब वाढल्यामुळे जांघेत किंवा बेंबीजवळ फुगवटा येतो. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आत जेली सापडली आणि त्यातून आजार कळला, असंही घडतं.

- स्त्रियांमध्ये अंडाशयाची गाठ. सोनोग्राफीत एका किंवा दोन्ही अंडाशयांत गाठ दिसते, ओटीपोट जड वाटतं.

- शौचाच्या सवयीत बदल. बद्धकोष्ठता, कधी जुलाब, पोटात मुरडा.

- चेहरा अचानक लाल होणं आणि वारंवार जुलाब. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर यकृतापर्यंत पोचला तर त्यातून निघणाऱ्या रसायनांमुळे असं होऊ शकतं. अपेंडिक्सच्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या, कितीतरी जास्त प्रमाणात आढळणाऱ्या आजारांचंही आहे. पोट फुगलं म्हणजे अपेंडिक्सचा कॅन्सर, असं अजिबात नाही. तो फार दुर्मिळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण, असा अंदाज बराच काळ दिला जात आला आहे. पण पोटाचा घेर काही आठवडे सतत वाढतोय, जेवण कमी झालंय आणि गॅसच्या गोळ्यांनी फरक पडत नाही, असं असेल तर मेडिकलच्या दुकानातून आणखी एक पट्टी घेण्यापेक्षा डॉक्टरांना पोट दाखवणं शहाणपणाचं.

निदान अवघड का जातं?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी कोलोनोस्कोपी करतात. पण दुर्बीण अपेंडिक्सच्या आत जात नाही, तिला दिसतं ते फक्त त्याचं तोंड. त्यामुळे कोलोनोस्कोपी नॉर्मल आली, तरी अपेंडिक्समधली गाठ राहून जाऊ शकते. सोनोग्राफीत अपेंडिक्स दरवेळी दिसतंच असं नाही. सीटी स्कॅन त्यापेक्षा उपयोगी. त्यात अपेंडिक्सची जाडी १५ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली किंवा भिंतीत कॅल्शियम साचलेलं दिसलं, तर डॉक्टर गाठीची शंका घेतात. सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ या रक्तचाचण्या आजारावर लक्ष ठेवायला मदत करतात, पण केवळ त्यांवरून निदान होत नाही.

भारतात यात आणखी एक अडचण येते. पोटाच्या क्षयरोगातही पोट फुगतं, पाणी साचतं, वजन घटतं आणि सीए १२५ वाढू शकतो. आपल्याकडे क्षयरोग जास्त आढळत असल्यामुळे शंका आधी तिकडे जाणं स्वाभाविक आहे. पण क्षयरोगाची औषधं सुरू करूनही पोट कमी होत नसेल, तर पोटातल्या पाण्याची आणि अस्तराच्या तुकड्याची तपासणी पुन्हा करायची गरज असते.

आणि याचं खात्रीशीर निदान शेवटी होतं ते सूक्ष्मदर्शकाखालीच.

'ती' बरणी कुठे गेली?

अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बरणीत ठेवतात. मोठ्या रुग्णालयांत ती बरणी थेट पॅथॉलॉजी विभागात जाते. लहान गावांतल्या दवाखान्यांत मात्र ती अनेकदा नातेवाइकांच्या हाती दिली जाते आणि 'अमुक लॅबमध्ये नेऊन द्या' असं सांगितलं जातं. त्या दिवशी घरचे लोक रुग्णाच्या धावपळीत असतात. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, आता आणखी खर्च कशाला, असं वाटतं. बरणी तशीच राहते. कधी लॅबमध्ये पोचते, पण आठवड्याने आलेला रिपोर्ट आणायला कुणी जात नाही. कधी रिपोर्ट घरी येतो आणि न वाचता फाईलला लागतो.

साधारण शंभर अपेंडिक्सं तपासली, तर त्यातल्या एखाद्यात गाठ सापडते. म्हणजे नव्व्याण्णव जणांना रिपोर्टमध्ये फक्त सूज लिहिलेली दिसेल. पण उरलेल्या एकासाठी तो कागद म्हणजे आजार सुरुवातीलाच पकडण्याची संधी असते. ती हुकली, तर पुढची खूण कदाचित काही वर्षांनी, फुगलेल्या पोटाच्या रूपाने मिळते.

म्हणून अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाने या गोष्टी कराव्यात:

१. तुकडा बायोप्सीसाठी पाठवला का आणि कुठल्या लॅबमध्ये, हे डिस्चार्जआधी विचारा.

२. टाके दाखवायला जाताना रिपोर्ट सोबत न्या आणि डॉक्टरांना तो वाचून समजावून सांगायला सांगा.

३. रिपोर्टमध्ये निओप्लाझम, म्यूसिनस, कार्सिनॉइड, न्यूरोएंडोक्राइन, गॉब्लेट सेल किंवा कार्सिनोमा यांपैकी एखादा शब्द असेल, तर कॅन्सरतज्ज्ञ सर्जनचा सल्ला घ्या.

४. अशा वेळी लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून खात्री करून घेण्यासाठी त्यांची गरज पडते. हे प्रकार दुर्मिळ असल्यामुळे दुसरं मत मोलाचं ठरतं.

गोळ्यांनी अपेंडिक्स बरं झालं तर?

गेल्या काही वर्षांत साध्या अपेंडिसायटिसवर ऑपरेशन न करता अँटिबायोटिक्स देऊन उपचार करण्याचा पर्याय पुढे आला आहे. फिनलंड आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी निवडक रुग्णांत तो सुरक्षित असल्याचं दाखवलं. पण यात अपेंडिक्स पोटातच राहतं, म्हणजे बायोप्सी होत नाही.

फिनलंडमधल्याच आणखी एका चाचणीने याबाबत महत्त्वाचा इशारा दिला. अपेंडिक्सभोवती पू साचलेल्या रुग्णांना आधी औषधांनी बरं करून नंतर ऑपरेशन करावं की नुसतं लक्ष ठेवावं, याची तुलना त्यात सुरू होती. ६० रुग्णांपैकी १२ जणांच्या अपेंडिक्समध्ये गाठ सापडली आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. हे प्रमाण इतकं जास्त होतं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यातून निघणारा अर्थ सोपा आहे. वय चाळिशीच्या पुढे असेल, अपेंडिक्सभोवती पू किंवा गोळा झाला असेल आणि औषधांनी बरं वाटलं असेल, तर 'आता ऑपरेशन कशाला' असं स्वतःच ठरवू नये. पुढे सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी आणि अपेंडिक्स काढणं यांबद्दल सर्जनशी नीट बोलून घ्यावं.

उपचार काय असतात?

लहान न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी बहुतेकदा झालेलं ऑपरेशनच पुरतं. दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढण्याचा सल्ला देतात. एक ते दोन सेंटीमीटरच्या गाठींबाबत बरीच वर्षं मतभेद होते. २०२३मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासानुसार, अशा रुग्णांत नुसतं अपेंडिक्स काढलेल्यांचं आयुष्यमान मोठं ऑपरेशन झालेल्यांपेक्षा कमी नव्हतं. अ‍ॅडिनोकार्सिनोमामध्ये मात्र सहसा आतड्याचा उजवा भाग काढतात आणि गरजेप्रमाणे केमोथेरपी देतात.

पोटात जेली पसरली असेल, तर पूर्वी फक्त ती उपसून काढली जायची आणि ती पुन्हा पुन्हा साचायची. अमेरिकेतले सर्जन पॉल शुगरबेकर यांनी १९८०-९०च्या दशकांत वेगळी पद्धत रूढ केली. आधी पोटातली दिसणारी प्रत्येक गाठ आणि आजारी अस्तर काढायचं. मग ऑपरेशन टेबलावरच सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत गरम केलेलं केमोथेरपीचं औषध पोटात तास-दीड तास फिरवायचं. याला 'हायपेक' म्हणतात. हे ऑपरेशन दहा-दहा तासही चालतं आणि त्यातली गुंतागुंत लहान नसते. त्यामुळे ते अनुभवी केंद्रातच व्हायला हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हा उपचार केला जातो.

परिणाम कसे आहेत? वेगवेगळ्या देशांतल्या १६ केंद्रांमधल्या २,२९८ रुग्णांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर जिवंत होते. एकेकाळी केवळ वेळ काढला जाणाऱ्या आजारासाठी हा मोठा बदल आहे.

तरुणांमध्ये प्रमाण वाढतंय का?

२०२५मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७५ ते २०१९ या काळातल्या ४,८५८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १९४०च्या दशकात जन्मलेल्यांच्या तुलनेत १९८०च्या आसपास जन्मलेल्यांमध्ये अपेंडिक्सच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाचं प्रमाण तिप्पट, तर १९८५च्या आसपास जन्मलेल्यांमध्ये चौपट आढळलं. अमेरिकेत अपेंडिक्सच्या कॅन्सरचा दर तीन रुग्णांमागे एक जण पन्नाशीच्या आतला असतो.

बातम्यांतले 'तिप्पट-चौपट' हे आकडे घाबरवणारे वाटतात. पण मुळातला आकडा खूपच लहान आहे आणि तो चौपट झाला तरी आजार दुर्मिळच राहतो. वाढीचं नेमकं कारण शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही. अमुक खाऊ नका म्हणजे अपेंडिक्सचा कॅन्सर होणार नाही, असं सांगणारा व्हिडिओ फॉरवर्ड झाला, तर त्यामागे पुरावा नाही हे लक्षात ठेवावं. या आजारासाठी सरसकट करायची कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही.

उपलब्ध आहे ती ऑपरेशननंतरची साधी बायोप्सी. घरात कुणाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असेल, तर आज फाईल काढून एवढंच पाहा: त्यात हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे का आणि तो कुणी वाचला आहे का? नसेल, तर रुग्णालयात किंवा लॅबमध्ये एक फोन करून त्याची चौकशी करा.